रोज दोन पेग घेतले तर स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो का?

तुम्ही विचारलेल्या या प्रश्नावरून आमच्या घरात सहा वर्षं भांडण चालू आहे, म्हणून लिहितोय.

वडील माळकरी. दारूला कधी शिवले नाहीत. बासष्टाव्या वर्षी अचानक शुगर निघाली, वजन उतरलं, मग कावीळ. पोटात दुखणं नाही, नुसती अंगाला खाज. आमच्याकडे कावीळ म्हटली की आधी झाडपाला. त्यात वीस दिवस गेले. सीटी स्कॅन केला तेव्हा स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ, तीही मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसलेली. ऑपरेशनचा प्रश्नच मिटला. आठ महिन्यांत गेले.

दहाव्याला घाटावर कुणीतरी कुजबुजलं, "लपून घेत असतील." आणि रोज क्वार्टर संपवणारे धाकटे काका सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णाने माळ घातली तरी गेला. मी पितो, मला काय झालंय?" अजूनही प्रत्येक लग्नात हेच ऐकवतात.

तर काका, ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२५ मध्ये सुमारे २५ लाख लोकांचा अभ्यास छापला. रोजच्या दर १० ग्रॅम अल्कोहोलमागे या कॅन्सरचा धोका साधारण ३ टक्क्यांनी वाढलेला. रोज ६० ग्रॅमच्या वर जाणाऱ्या पुरुषांत, अगदी थोडी घेणाऱ्यांपेक्षा ३६ टक्के जास्त. सिगारेट कधीच न ओढलेल्यांतही संबंध दिसला. आपली ४२.८ टक्क्यांची व्हिस्की ३० मिली घेतली की १० ग्रॅम झाले; म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६०. "इंग्लिश आहे, पाणी घालून घेतो" म्हटल्याने ग्रॅम कमी होत नाहीत. बियरही त्यातच आली. शिवाय वर्षानुवर्षं पिऊन स्वादुपिंडाला कायमची सूज धरली, तर धोका आणखी बराच वाढतो.

मग वडिलांना का झाला? नक्की कोण सांगणार. पण तीस वर्षं बिडी होती, आणि धूम्रपानाने हा धोका जवळजवळ दुप्पट होतो. बंडलं काकाच आणून द्यायचे. त्यावर घरात कुणी बोलत नाही.

हा कॅन्सर मुळात सर्रास होणारा नाही, त्यामुळे ३६ टक्के म्हणजे शंभरातल्या छत्तिसांना होतो असं समजू नका. वाइनचा संबंध त्या अभ्यासात दिसला नाही. आशियातल्या लोकांतही स्पष्ट दिसला नाही, पण हे काकांना दाखवू नका.

आणि तुमचे दोन पेग ३० चे की ६० चे, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.