८ जीबी रॅम आहे. पेजफाईल बंद केली तर पीसी फास्ट होईल का? की किती एमबी ठेवावी?

बंद करू नका. पेजफाईल म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोजनं डिस्कवर ठेवलेली फाईल. बेळगावात माझं पत्रिका छपाईचं दुकान आहे आणि या एका सेटिंगपायी ऐन लग्नसराईत फटका खाल्लाय.

मशीन तुमच्यासारखंच, ८ जीबीचं. आमचे दाजी कॉम्प्युटर दुरुस्त करतात. एकदा आले आणि म्हणाले, "ही पेजफाईल बंद करून टाक की. एसएसडी झिजतीय नुसती." दाजींना नाही कुठं म्हणायचं? केली बंद. पंधरा दिवस काही झालं नाही.

मग खानापूरकडचं एक लग्न आलं, मुलगी बैलहोंगलची. म्हणजे पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मुलाचे वडील शेजारी स्टुलावर बसून नावं सांगत होते. कुणाच्या आधी 'कै.' लावायचं, कुठल्या काकांचं नाव वर घ्यायचं, सगळं. बेचाळीस नावं झाली. मी गणपतीचं मोठं चित्र उघडलं आणि मेमरी संपल्याचा मेसेज येऊन सॉफ्टवेअर बंद पडलं. सेव्ह झालेली नावं दहा. त्या माणसानं उरलेली सगळी पुन्हा सांगितली, चकार शब्द न काढता. शेवटची बस चुकू नये म्हणून मीच त्यांना स्टँडवर सोडून आलो.

रात्री तेच सगळं परत उघडून बघितलं. रॅम ७० टक्केच भरलेली! दाजी अजून तेच धरून बसलेत: "रॅम शिल्लक होती, मग पेजफाईलचा काय संबंध?"

संबंध असा. प्रोग्राम मेमरी आगाऊ मागून ठेवतात, सगळी लगेच वापरत नाहीत. विंडोज त्या मागणीची हमी देतं, आणि हमीची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाईल. पेजफाईल काढली की हमी रॅमपुरतीच उरते. वापर ७० टक्के असला तरी हमी संपलेली असते आणि पुढच्या मागणीला नकार मिळतो. शिवाय सकाळपासून नुसती उघडी असलेली बिलिंगची विंडो घ्या. तिची पानं, म्हणजे मेमरीचे ४ केबीचे तुकडे, पेजफाईलमध्ये सरकली की ती जागा चालू कामाला मिळते. पेजफाईलच नसेल तर ती रॅम अडवून बसतात.

पण पेजफाईल वाढवून वेग येतो हाही गैरसमज. रॅमपेक्षा एसएसडी साधारण हजारपट संथ, जुनी हार्ड डिस्क तर लाखपट. सतत लागणारी पानं रॅममध्ये मावली नाहीत की प्रोसेसर रिकामा बसतो आणि डिस्क धावत राहते. याला थ्रॅशिंग म्हणतात. त्याची कारणं संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ सालीच मांडून ठेवली आहेत. तिथं रॅम घालणं हाच इलाज.

एमबीचं म्हणाल तर आकडा घालूच नका, विंडोजवर सोडा. रॅमच्या दीडपट हा नियम जुना झाला. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये हार्ड फॉल्ट (म्हणजे लागलेलं पान रॅममध्ये नाही म्हणून डिस्कवरून आणावं लागणं) काम करताना सतत चढलेले दिसले तर आणखी ८ जीबी घाला. सी ड्राइव्हवर मोकळी जागा मात्र हवी. आणि हे सगळं विंडोजपुरतं. लिनक्स हमीच्या बाबतीत बराच सैल असतो, तिथला हिशोब वेगळा.

एसएसडी थोडी झिजते हे दाजींचं खरं आहे. पण माझ्या दुकानात तिच्यापेक्षा ती बेचाळीस नावं महाग. हे उत्तर त्यांनाही पाठवतोय. दाजी, टास्क मॅनेजरमध्ये 'कमिटेड'पुढचे दोन आकडे बघा, म्हणजे दिलेली हमी आणि तिची मर्यादा, मग बोलू.