दोन्ही महायुद्धे गाजवलेला ब्रिटिश नौदल अधिकारी कोण?

माझ्या मते बर्ट्राम रॅमसे. नाव फारसे कुणी घेत नाही, याची खंत वाटते.

पहिल्या महायुद्धात ते इंग्लिश खाडीवरच्या डोव्हर बंदराच्या गस्ती ताफ्यात होते. आधी 'एम २५' ही तोफनौका, मग 'ब्रोक' ही विनाशिका त्यांच्या हाताखाली होती. त्या खाडीतले प्रवाह आणि वाळूचे दांडे त्यांना तिथेच पाठ झाले. पुढे १९३५ मध्ये वरिष्ठ बॅकहाउस यांच्याशी पटेना, म्हणून पद सोडले. १९३८ मध्ये निवृत्तीही आली. म्हणजे कारकीर्द संपलीच होती म्हणा ना!

पण युद्धाच्या चाहुलीने त्यांना पुन्हा डोव्हरलाच बोलावले. मे १९४० मध्ये डोव्हर किल्ल्याखालच्या खडूच्या कड्यात खोदलेल्या बोगद्यांत बसून त्यांनी फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांची सुटका आखली. सरकारला जेमतेम ४५ हजार सैनिक परत येतील असे वाटत होते, आले ३,३८,२२६. विनाशिकांपासून मासेमारीच्या होड्यांपर्यंत जे तरंगेल ते कामाला लावले होते.

चार वर्षांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या स्वारीची नौदल बाजूही त्यांनीच सांभाळली, सुमारे सात हजार जहाजे-होड्यांची. २ जानेवारी १९४५ रोजी पॅरिसजवळ विमान अपघातात ते गेले. युरोपातला विजय अवघ्या चार महिन्यांवर होता.