डायग्राफ्समधली ७ दिवसांची सरासरी जुळत नसेल तर आधी गाळलेल्या तारखा शोधा

डायग्राफ्स या वेबपानावर आलेख काढणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत पावसाच्या आलेखाला रोलपिरियड (सरकती सरासरी कितीची काढायची ते ठरवणारा पर्याय) ७ ठेवला, पण रेघ एक्सेलच्या तारीखवार तक्त्याशी जुळत नाही आणि फरक दर सोमवारी उठून दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. वाचताच ओळखलं. हेच दुखणं आम्ही अख्खा पावसाळा काढलंय.

रोलपिरियड दिवस मोजत नाही, ओळी मोजतो. तारखेकडे तो बघतसुद्धा नाही. फाईलमध्ये रविवारची ओळच नसेल तर सोमवारच्या सरासरीत गेल्या सोमवारचा पाऊसही येऊन बसतो. म्हणून आधी प्रत्येक तारखेची ओळ तयार करा आणि नोंद नसेल तिथला रकाना कोरा सोडा. कोरी जागा सरासरीत धरली जात नाही, उरलेल्या दिवसांनीच भागाकार होतो. मात्र त्यामुळे खंड पडलेल्या जागीही रेघ सलग दिसते, हे लक्षात असू द्या.

खरा वैताग पुढे आहे. आम्हाला आकडे देणारं कार्यालय सुट्टीची ओळ गाळायचं. भर पावसाळ्यात तिथे कुणीतरी न कळवता ० भरायला लागलं. ६ दिवस रोज ४२ मिमी पाऊस आणि सातव्या दिवशी नोंद नाही, तर सरासरी ४२ यायला हवी. ० लिहिलं की ३६ येते. ऐन झडीत पाऊस ओसरल्यासारखा दिसायचा. आमचा प्रश्न एकच होता: सोमवारी पर्जन्यमापकातलं दोन दिवसांचं पाणी एकत्र मोजता का? तसं असेल तर ० चालतं, कारण आठवड्याची बेरीज बिघडत नाही. रविवारचं पाणी नुसतं ओतून दिलं असेल तर तो ० खोटा. उत्तर ठरलेलं: "फाईल वरून येते, तशीच पाठवतो." ज्याने मापक रिकामा केला त्याला एक फोन लावायचा होता, तेवढंही कुणी केलं नाही. पावसाच्या नोंदीत ० आणि "मोजलं नाही" यांत फरक न करणं हा माझ्या मते अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

तुमच्याकडेही उत्तर मिळणार नसेल तर जवळच्या स्वयंचलित पर्जन्यमापन केंद्राचे रविवार-सोमवारचे आकडे ताडून बघा. फक्त हाताने घेतलेली नोंद सकाळी ८:३० ची, म्हणजे मागच्या २४ तासांची असते. मध्यरात्रीपासून मोजणाऱ्या केंद्राशी तुलना केलीत तर एक दिवस सरकल्यासारखा वाटेल.

पहिल्या ६ दिवसांचा फरक सोडून द्या. तिथे डायग्राफ्स हाताशी असतील तेवढ्याच दिवसांची सरासरी काढतं. आणि रोजचा पाऊस व सरासरी एकाच आलेखात हवी असेल तर सरासरी स्वतःच्या कोडमध्ये काढून वेगळा स्तंभ द्या, कारण रोलपिरियड आलेखातल्या सगळ्या रेघांना एकदम लागतो. माझा अनुभव दैनिक आकड्यांपुरताच आहे. दर मिनिटाच्या नोंदी असतील तर आणखी कुणाला तरी विचारा.