नाणं घासलेलं आहे का, कसं ओळखायचं?

सराफ बाजारातून घेतलेल्या 1862 च्या राणीछाप (व्हिक्टोरिया राणीच्या) रुपयाचा फोटो पाठवून तुम्ही विचारलंत, तो घासलेला, म्हणजे चमकावण्यासाठी घासून साफ केलेला, आहे का? फोटोत तो लखलखतोय, तिथेच मला शंका आली. राणीचा गाल आणि मुकुट झिजून सपाट झालेत, मग चकाकी आली कुठून? हातोहात फिरलेली चांदी मंद, करडी दिसते.

नाणं कडेने धरा आणि एकाच दिव्याखाली हळूहळू तिरपं फिरवा.

- बारीक, समांतर रेघा एकाच दिशेने गेल्यात? घासलंय. वापरातले ओरखडे वेडेवाकडे असतात.
- अक्षरांच्या खाचांत काळा मळ आणि आजूबाजूला पांढरंफटक? तेच.
- तांब्याचा पाव आणा गुलाबी दिसला, तर चिंच नाहीतर लिंबू लागलंय. वापरलेलं जुनं तांबं सहसा तपकिरी असतं.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे काळं दिसलं की घरीच पितांबरी लावणं. अजिबात नको! गेलेला रंग परत येत नाही आणि संग्राहक भाव पाडतात.

घासलेलं म्हणजे खोटं नव्हे, हेही लक्षात असू द्या. आवडलं तर घ्या, पण घासलेल्याच्या भावात. सवड काढून नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाणे संग्रहालय बघून या, नजर बसेल.