वर्षभर क्लास लावूनही मुलीची चित्रं 'बिघडली', तर क्लास बदलावा का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लेक सातवीत आहे. वर्षभरापासून नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका चित्रकलेच्या क्लासला जाते. आधी कार्टून आणि सिनरी झकास काढायची, आता वहीभर नुसते लोटे, वांगी आणि खोडाखोड. शेजारच्या मुलीच्या क्लासमधून दर महिन्याला रंगवलेला कॅनव्हास घरी येतो, तुमच्याकडे भिंतीवर लावावं असं एकही चित्र आलेलं नाही. मग क्लास बदलावा का?

मी बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. माझं मत विचाराल तर इतक्यात बदलू नका. पण वही नीट पाहिल्याशिवाय सरांनाही पास करू नका.

वही घ्या आणि सुरुवातीचा एक लोटा नि अलीकडचा एक लोटा शेजारी शेजारी ठेवून बघा. शेडिंग राहू द्या, फक्त तोंड आणि बूड बघा. नवशिकं मूल तोंड काढताना दोन्ही बाजूंना टोकं काढतं आणि बूड पट्टीने आखल्यासारखं सरळ करतं, कारण लोटा टेबलावर सपाट बसतो हे त्याला ठाऊक असतं. ते ठाऊक असलेलं काढतं, दिसलेलं नाही. अलीकडच्या पानावर टोकं जाऊन लंबवर्तुळ आलं असेल, बुडाला गोलाई आली असेल, आणि ती गोलाई तोंडापेक्षा जास्त असेल, तर तुमची फी वसूल झाली म्हणून समजा. तोंड डोळ्यांच्या पातळीच्या जवळ असतं म्हणून चपटं दिसतं, बूड खाली असतं म्हणून जास्त गोल. पटत नसेल तर स्वयंपाकघरातलं पातेलं हळूहळू वर उचला. डोळ्यांसमोर आलं की काठाची एक सरळ रेघ होते. हे हातात उतरायला मुलांना महिनोन् महिने लागतात, आणि ते भिंतीवर टांगता येत नाही.

आता 'बिघडली'बद्दल. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी ही सिनरी पाढ्यांसारखी पाठ असते. हात न चुकता चालतो, म्हणून चित्र सफाईदार दिसतं. समोरची वस्तू बघून काढायला लागलं की डोळा पुढे जातो आणि हात मागे राहतो. त्यात अकरा-बारा हे वयच असं, की स्वतःचं काहीच आवडत नाही. खोडाखोड म्हणजे चूक तिची तिला दिसते आहे. फक्त एक बघा: रेघ दाबून काढून मग खोडरबरने कागद फाडते, की आधी फिकट मध्यरेषा घेऊन, पेन्सिल हात लांब करून धरून माप घेते? दुसरं असेल तर काळजी सोडा.

रंगांचं वेगळं आहे. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. पितळेच्या लोट्यावरची चमक तिने कोरी सोडली आहे, की वरून पांढरा थापला आहे, एवढं बघितलंत तरी कळेल. ओलसर रंगावर पुन्हा ब्रश फिरवून डाग पाडण्याचा मोह हळूहळू सुटतो. मेमध्ये इथे ब्रश पुढे नेईपर्यंत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, वाळतो, श्रावणात तोच वॉश वाळता वाळत नाही. वेळेचा अंदाज मुलं त्यातूनच शिकतात, सांगून नाही.

सरांना एक जरूर विचारा, मुलांना बाहेर नेता का? शिवाजी तुप्यांसारख्या चित्रकाराने ज्या गावातले घाट आणि देवळं आयुष्यभर रंगवली, तिथली मुलं मोबाइलवरचा स्वित्झर्लंड काढतात तेव्हा मला राग येतो. काळाराम मंदिराचा दगड काळा म्हणून मुलं काळी ट्यूब पिळतात. सकाळच्या उन्हात तासभर बसवलं की त्यातच निळसर, तपकिरी दिसू लागतं. गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा तर लोट्याचाच पुढचा धडा आहे. ती डोक्याच्या वर, त्यामुळे तिच्या काठाची कमान उलटी, वरच्या बाजूला वळते. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या पायाशी उभी माणसं काढली नाहीत तर तो केवढा आहे ते कळतच नाही. प्रमाणबद्धता वर्गात फळ्यावर शिकवण्यापेक्षा हे बरं.

क्लास कधी बदलावा? सर तिच्या कागदावर स्वतःचा हात चालवत असतील तर लगेच. एकाच लोट्याभोवती बसलेल्या दहा मुलांची चित्रं सारखीच येत असतील तरीही, कारण प्रत्येकाच्या जागेवरून लोटा निराळा दिसायलाच हवा. शेजारच्या कॅनव्हासमध्ये हात कोणाचा किती, हे मी इथून सांगू शकत नाही. तुम्हीही विचारायला जाऊ नका, शेजार टिकवायचा आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचंही तुम्ही विचारलं आहे. परीक्षा द्याव्यात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. पण फक्त परीक्षेवर चालणारे क्लास स्मरणचित्रसुद्धा, म्हणजे आठवणीतून काढायचं चित्र, पाठ करून घेतात. पावसातला बसस्टॉप, छत्रीवाली बाई, कोपऱ्यात कुत्रा, सगळ्यांचा तोच. श्रेणी चांगली येते, म्हणून पालक खूश. तिला मात्र रोज घरातलं कोणीतरी पाच मिनिटांत काढायला सांगा, भाजी निवडणारी आजी, पेपर वाचणारे बाबा. त्यातून स्मरणचित्राची तयारी आपोआप होते.

आणि महागडा रंगांचा सेट आत्ता नको, विद्यार्थ्यांसाठीचे रंग पुरतात. 2बी आणि 4बी पेन्सिल, 8 आणि 12 नंबरचे गोल ब्रश, बस्स. पैसे घालायचेच तर कागदावर घाला. साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा चित्रकलेचा कागद, पाणी लागलं की फुगतो आणि मुलीला वाटतं आपलंच चुकलं. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, जलरंगाचा मोठा शीट आणून त्याचे चार तुकडे करा, पाठची बाजूही वापरता येते.