'वाहक जनुक': नक्की कोण काय वाहतं?

प्रश्न असा आला आहे: सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारावरच्या एका मराठी लेखात आधी 'वाहक जनुक' आणि दोनच ओळींनंतर 'आईवडील वाहक असतात' असं वाचलं. दोन्हीकडचा वाहक एकच का?

नाही. 'वाहक जनुक' हा प्रयोग तर सरळ चूक आहे आणि तो सारखा कानावर येतो. जनुक काहीही वाहून नेत नाही. प्रथिन कसं बांधायचं ते त्यात लिहिलेलं असतं, एवढंच. ने-आण करतं ते पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, बसलेलं प्रथिन. म्हणून 'वाहक प्रथिनाचं जनुक' म्हणावं. आईवडील वाहक असतात ते वेगळ्या अर्थानं: जनुकाची एक प्रत सदोष, दुसरी धड, म्हणून त्यांना स्वतःला आजार नसतो. दोघंही असे असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. 'संदर्भावरून कळतं' असं सांगणाऱ्यांनी हे एखाद्या घाबरलेल्या बापाला समजावून पाहावं.

पण खरी गंमत 'वाहणे' या क्रियापदात आहे. पाणी वाहतं आणि हमाल ओझं वाहतो. हे दोन वेगळे धातू आहेत असं ठासून सांगणारे मला भेटले आहेत. ते साफ चुकतात. 'नदी वाहिली' आणि 'त्याने ओझं वाहिलं' यांत फरक अकर्मक-सकर्मकाचा आहे, धातूचा नाही. संस्कृतात नदीही 'वहति' आणि बैलही भार 'वहति'. प्रवाह, वाहन, विवाह ही सगळी त्याच 'वह्'ची लेकरं. 'प्रौढ'सुद्धा! प्र + ऊढ, आणि ऊढ म्हणजे वाहिलेलं. लॅटिन 'वेहेरे' आणि इंग्रजी 'वॅगन' हे लांबचे भाऊबंद. 'वधू'ही जुने वैयाकरण इथूनच काढतात. आजचे तौलनिक भाषाशास्त्राचे अभ्यासक तिला 'नेणे' अर्थाच्या दुसऱ्या धातूकडे पाठवतात. मला ते पटत नाही. सासरी वाहून नेलेली ती वधू, यात अडतं कुठे?

एसटीतला 'वाहक' आणखी वेगळा. गाडी नेतो चालक. वाहक तिकिटं फाडतो. माझं पक्कं मत आहे की विजेच्या 'कंडक्टर'साठी ठरलेला शब्द बसमधल्या कंडक्टरला तसाच चिकटवला गेला. 'कंडक्टर' ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा मूळ अर्थ 'सोबत नेणे', आणि तो अर्थ विजेच्या तारेपेक्षा बसमधल्या माणसालाच जास्त शोभतो.

या सगळ्या अर्थांची गाठ त्या आजाराच्या जनुकातच पडली आहे. 1989 साली टोरांटोचे लॅप-ची त्सुई आणि जॅक रिऑर्डन, तसंच मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी ते सातव्या गुणसूत्रावर शोधून काढलं. (गुणसूत्र म्हणजे जनुक नव्हे, एका गुणसूत्रावर अनेक जनुकं असतात, हेही एकदा सांगून टाकतो.) त्यावरून बनणारं प्रथिन 1480 अमिनो आम्लांचं, म्हणजे तेवढ्या मण्यांची माळच. रुग्णांत सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे 508 व्या जागेवरचं फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल गळालेलं. या रुग्णांचा घाम फार खारट असतो, म्हणजे मिठाच्या ने-आणीत घोटाळा आहे हे आधीच कळलं होतं. पण हे प्रथिन नेमकं काय करतं ते शोधकांना ठाम सांगता येईना, म्हणून नाव दिलं 'सीएफटीआर'. त्यातलं 'सीएफ' म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस, 'टी'चा अर्थ पटलाच्या आरपार, आणि पुढचे शब्द 'वाहकतेचं नियामक'. बघा, इथे वाहक पुन्हा विजेचा!

रचनेवरून हे प्रथिन 'एबीसी' नावाच्या प्रथिनांच्या घराण्यातलं. त्या घराण्यातली बहुतेक प्रथिनं एटीपीची (पेशीच्या इंधनाची) ऊर्जा खर्चून माल पटलापार उचलून नेतात, म्हणजे अस्सल हमाल. 1991-92 च्या प्रयोगांत मात्र दिसलं की हे एटीपीच्या मदतीनं दार उघडतं आणि मिठातलं क्लोराइड आपसूक त्यातून वाहतं. हमालांच्या घराण्यात नदी निघाली. इंग्रजीत त्यासाठी 'ट्रान्सपोर्टर' सोडून 'चॅनेल' हा वेगळाच शब्द घ्यावा लागतो. मराठीत 'वाहक'च्या शेजारी 'वाहिनी' तयारच आहे, त्याच धातूची. रक्तवाहिनी, जलवाहिनी आपण रोज म्हणतो. तेव्हा सीएफटीआर म्हणजे वाहक प्रथिनांच्या घराण्यातली क्लोराइडची वाहिनी. त्या लेखकाला कुणी ओळखत असेल तर एवढं वाक्य त्याला जरूर पाठवा.