तालमीतले प्रश्न : भूत एकट्यालाच दिसतं तेव्हा

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच विषयाची निघाली. भुतं दिसणारा खडूस नायक, त्याचं जुळू पाहणारं प्रेम आणि मधे लुडबुडणारी भुतं. म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (गिरगाव) : आमच्या एकांकिकेचा नायक चाळिशीचा, अविवाहित, तिरसट आहे. त्याला चाळीतली मेलेली माणसं दिसतात. पुनर्विकासाच्या संमतीपत्रांवर सह्या घ्यायला आलेल्या मुलीवर त्याचं मन बसतं. वाचनात पहिली दहा मिनिटं सगळे खळखळून हसले, पुढे शांतता. काय चुकलं?

उत्तर : बहुतेक वेळा दोन चुका असतात. पहिली म्हणजे भुताचे नियम ठरलेले नसतात. तिसऱ्या पानावर भूत कपबशी उचलतं आणि बाराव्या पानावर त्याला कडी काढता येत नाही, कारण लेखकाला तिथे अडचण हवी असते. प्रेक्षकाला हे लगेच कळतं आणि त्याचं हसू आटतं. भूत कोणाला दिसतं, कशाला हात लावू शकतं आणि कुठवर जाऊ शकतं, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी वहीत लिहा. मग ती पहिल्या सहा-सात मिनिटांत घडताना दाखवा. भुताच्या तोंडून नियम सांगायला लावू नका.

दुसरी चूक दुहेरी संवादाची. नायक भुताला उत्तर देतो आणि समोरची मुलगी "काय म्हणालात?" असं विचारते. हे एकदा चालतं, दुसऱ्यांदा जेमतेम. नायकाचं वाक्य मुलीच्या कानाला नुसतं विचित्र लागून भागत नाही, तिला त्याचा वेगळाच पण पक्का अर्थ लागला पाहिजे. कागदावर तीन रकाने आखा : भूत काय बोललं, नायक काय बोलला, मुलीने काय ऐकलं. तुमच्याच गोष्टीतला नमुना घ्या.

काकू (भूत) : मुलगी गुणाची दिसते रे. विचार की तिला लग्नाचं!
नायक : इतक्यात कशाला? अजून कागद कुठे झालेत!
मुलगी (फाइल उघडत) : झालेत की. फक्त तुमची सही राहिलीय.

इथे मुलगी गोंधळत नाही, उलट खूश होते आणि पेन पुढे करते. गोंधळ उरतो नायकाचा, म्हणून प्रसंग पुढे सरकतो. अशा जागा तीन ठेवा. चौथ्या वेळी तिला संशय आलाच पाहिजे. ४० मिनिटांच्या एकांकिकेत विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला तिला खरं कळू द्या. पुढची गंमत ती विश्वास ठेवते की नाही याची नाही. न दिसणाऱ्या काकूंशी ती अदबीने बोलायला लागते, पण भलत्याच कोपऱ्याकडे बघून. प्रेम तिथे दिसतं.

प्रश्न (विक्रोळी) : नायक इतका खडूस झालाय की मुलगी त्याच्यात काय बघते हेच पटत नाही.

उत्तर : त्याच्या चिडचिडीला रोजचं कारण द्या. लोकलच्या डब्यात तीन माणसं बसली आहेत, चौथी सीट रिकामी, तरी हा घामाघूम उभा. बाजूचा ओरडतो, "बसायचं नाही तर दुसऱ्याला बसू द्या!" तिथे कोण बसलंय हे फक्त याला दिसतंय. आता त्याचा तिरसटपणा आणि त्याची माणुसकी एकाच कृतीत आली. तो तोंडाने कधीच चांगलं बोलू नये, हाताने करावं. दुधाच्या भावावरून कुरकुरत रोज दोन कप चहा ओतावा. मुलीला दुसरा कप दिसतो, तो कोणासाठी आहे हे दिसत नाही.

प्रश्न (परळ) : भूत प्रेक्षकांना दिसतं, पण बाकीच्या पात्रांना नाही. आमचे नट नकळत त्याच्याकडे बघतात.

उत्तर : या प्रकारच्या नाटकात सगळ्यात जास्त तालीम इथे लागते. भूत उभं करतो तो भुताचा नट नव्हे. ज्यांना ते दिसत नाही, ते नट त्याला उभं करतात. हलणाऱ्या वस्तूकडे डोळा आपोआप जातो. "बघू नकोस" म्हटलं की नट मान आखडतो आणि बघायचं टाळताना दिसतो, ते तर आणखी वाईट. त्याला बघायला दुसरं काहीतरी द्या : भिंतीवरचं कॅलेंडर, निवडायचे तांदूळ, नायकाचा चेहरा. भुताच्या दिशेने बघावंच लागलं, तर त्याच्या मागच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला टेपचा तुकडा लावा आणि नजर तिथे टेकवायला सांगा. नजर लांबवर गेली की आरपार बघितल्यासारखं वाटतं.

चालण्याच्या वाटाही ठरवा. भुताने जिवंत पात्रापासून निदान दोन फूट अंतर राखावं आणि जिवंत माणूस अंगावर आला तर भुतानेच घाईघाईने सरकावं. धक्का लागला की आधी मांडलेलं सगळं मोडतं. एखादं भूत प्रेक्षकांनाही दिसत नसेल, तर तालमीत पाच फुटांवर टेप लावलेला झाडूचा दांडा त्या जागी धरा. नायकाची नजर पहिल्या प्रवेशात पाच फुटांवर आणि तिसऱ्यात साडेपाचावर गेली, तर भूत उंच झालं!

प्रश्न (मुलुंड) : गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये प्रयोग आहे. दोन-चार दिव्यांत भूत 'प्रकट' कसं करावं?

उत्तर : काळ्या किंवा गडद राखाडी नेटचा ताणून बसवलेला पडदा वापरा. पुढून, बाजूने तिरका उजेड पडला की नेट भिंतीसारखी दिसते. पुढचा दिवा मंद करत मागच्या नटावर उजेड आणला की ती विरते. नट नेटपासून चार-पाच फूट मागे हवा आणि त्याच्या मागे काळं कापड हवं. पांढरी नेट घेतली तर ती उजेड पकडते आणि नट धुरकट दिसतो. पुढच्या दिव्याचा उजेड नेटमधून मागे सांडला तर नट वेळेआधीच दिसतो, म्हणून दिवा जास्तीत जास्त बाजूला न्या.

काचेवरच्या प्रतिबिंबाची युक्तीही आहे. डर्क्स आणि पेपर यांनी ती १८६२मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये लोकांसमोर आणली. काच तिरकी, साधारण ४५ अंशांत, आणि लपलेल्या नटावर प्रखर उजेड. पण ती ठरावीक कोनातूनच नीट दिसते आणि नटाच्या उंचीची काच हॉलमध्ये उभी करणं धोक्याचं. सोडून द्या.

कोरडा बर्फ तर नकोच. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. आणि तुमच्या हॉलमध्ये सतरंजीवर पुढे लहान मुलं बसलेली असतात.

प्रश्न (दादर) : भूत कोणतं घ्यावं? मांत्रिकाचा विनोदी प्रवेश चालेल का?

उत्तर : भुताची राहिलेली इच्छा बघून निवडा. अविवाहित नायकासमोर मुंजा शोभतो. मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा, म्हणजे संसार न पाहिलेला. तो पिंपळावर राहतो, आणि मुंबईच्या जुन्या इमारतींच्या भेगांत पाखरांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ उगवतोच. इमारत पाडायची ठरली की त्याचंही घर जातं. हडळ टाळा. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या उलट्या पावलांवर विनोद करणं आम्हाला रुचत नाही.

मांत्रिक लबाड दाखवा, हरकत नाही. पण भूत उतरवायला मारणं, साखळीने बांधणं, मिरच्यांची धुरी देणं ही राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा ठरवलेली कृत्यं आहेत. त्यांवर हशा काढू नका, यात खऱ्या बायका होरपळल्या आहेत. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची असते, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

प्रश्न (गिरगावकरांचाच दुसरा) : शेवटी काकू निघून जातात, ते कसं दाखवू?

उत्तर : दिवे, धूर काही नको. त्या पहिल्यापासून झोपाळ्यावर बसत असतील, तर शेवटी उठून साध्या चालत विंगेत जाऊ द्या. झोपाळा मात्र हलता राहू दे. कडीला बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधून विंगेतून ओढा. बाजूच्या उजेडात तंगूस चमकतो, म्हणून त्यावर काळं मार्कर फिरवून घ्या. कड्यांना तेल घालू नका, करकर ऐकू यायला हवी. मुलगी झोपाळा थांबवायला हात पुढे करते, नायक म्हणतो, "राहू दे." मग अंधार.